दोनशे बारा तुकडे

२ फेब्रुवारी

ठकू,

आशीर्वाद आहेतच, ते काही भांडणात संपत नाहीत.

पाकीट परवा मिळालं. नऊ वर्षांत माझ्या नावावर आलेलं तुझं हे पहिलं पाकीट, म्हणून तुझ्या आईने ते दिवसभर टेबलावर नुसतं ठेवलं होतं, येताजाता बघायला. आत कॅसेट निघाली. जगातून कॅसेट हद्दपार होऊन जमाना झाला, माझं दुकानही त्याच पायी बंद झालं, आणि तू मला कॅसेट पाठवतेस. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. खालच्या चष्मेवाल्याला वर बोलावून दाखवली.

पण वाईट बातमी अशी, की कॅसेट वाटेत बिघडली आहे.

सुरुवातीला मिनिटभर गुणगुणल्यासारखं काहीतरी ठीक वाजतं. मग एकदम गोळीबार. ढोल आहे, पत्रा आहे की दाराची कडी, काही समजत नाही. एक ठोका पुरा व्हायच्या आत त्याच्या डोक्यावर दुसरे आठ पडतात. मध्येच कोणीतरी चिरक्या आवाजात काही म्हणतं, तेही अर्धवट तुटलेलं. मध्येच सगळं थांबतं, मी सुटलो म्हणून चहाला हात घालतो, की पुन्हा सुरू.

मी रीतीने गेलो. आधी मशीन तपासलं. हेड पुसलं, बेल्ट बदलला, माझी जुनी खात्रीची कॅसेट लावून बघितली. मशीन ठणठणीत. मग स्वतःचा कान तपासला. हसू नकोस, कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे खरंच जाऊन आलो. त्या म्हणाल्या, "काका, बारीक आवाज तुम्हाला येत नाहीत, वयाचं आहे. पण जे ऐकू येतंय ते खरंच वाजतंय." म्हणजे दोष कॅसेटमध्ये. तुझी आई म्हणते, "कपडे धुण्याच्या मशीनमध्ये चमचे राहिलेत." तीस वर्षं तिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून काढली, तिच्या कानाला मी मानतो.

तुझी चिठ्ठीही वाचली. "बाबा, काही करू नका. फक्त ऐका." अगं, पण असलं ऐकायचं कसं? घरात नळ गळतोय आणि तू म्हणतेस बघत बसा. चाळीस वर्षं लोक माझ्याकडे मशीनने खाल्लेली, गुंतलेली, चुरगळलेली रिळं घेऊन आले. एकही तशीच परत गेली नाही. मी बघतो काय ते.

आणि एक गोष्ट लिहूनच टाकतो, म्हणजे पुन्हा उगाळायला नको. तू सतरा वर्षांची असताना तुझी कॅसेट माझ्या हातून पुसली गेली ती चुकून. गिऱ्हाइकाचं मशीन तपासायचं होतं, हाताशी आली ती कॅसेट घातली. मला वाटलं कोरी आहे. तेव्हाही हेच सांगितलं होतं, आजही तेच सांगतो. आता ही संधी समज. एक कॅसेट माझ्या हातून गेली, एक वाचेल. फिट्टंफाट.

बाबा

९ फेब्रुवारी

ठकू,

झाली दुरुस्त!

हे पत्र कॅसेटबरोबर एकाच पाकिटात टाकणार आहे, म्हणून सावकाश लिहितो. चार दिवस सकाळी चहा झाला की बसलो ते जेवायला हाक येईपर्यंत. आधी दुसरी बाजू ऐकून घेतली. एकाच रिळावर दोन्ही बाजू असतात, एक कापली की दुसरीही कापली जाते. पण दुसरी बाजू कोरीच होती. तेवढी अक्कल अजून शिल्लक आहे मला.

मग कॅसेटचे पाच स्क्रू काढले, रीळ बाहेर घेतलं आणि जिथे जिथे गोळीबार होता तिथे तिथे नव्या ब्लेडने काप देऊन तो भाग बाजूला काढला. उरलेली टोकं चिकटपट्टीने जोडली. सांधा कुठे आहे हे तुला नखानेसुद्धा लागणार नाही. पुष्कळ भाग वाया गेला होता ग. बावीस मिनिटांची बाजू होती, आता साडेचार मिनिटं आहे. पण साडेचारच्या साडेचार स्वच्छ! ती गुणगुण सलग ऐकताना काय शांत वाटतं. तू चाल छान बांधली आहेस.

आई ऐकून म्हणाली, "यात आपली ठकू कुठे आहे?" मी म्हटलं, आधीच्यात तरी कुठे होती? ती चटणी वाटायला गेली.

काढलेले तुकडे फेकलेले नाहीत. माझा नियम तुला ठाऊक आहे. मशीनमधून जो भाग काढला तो पुडीत बांधून गिऱ्हाइकाच्या हातात. बेल्ट असो, रोलर असो, तुटलेला स्क्रू असो. गिऱ्हाइकाची वस्तू गिऱ्हाइकाला. लहानपणी त्या पुड्यांवर नावं तूच घालायचीस आणि अक्षर वाईट म्हणून माझी बोलणी खायचीस. तर तुकडे बिस्किटांच्या डब्यात आहेत. मोजले, दोनशे बारा भरले. ते तुला कशाला लागणार म्हणा, पण नियम तो नियम.

उद्या पोस्टात टाकतो.

बाबा

१७ फेब्रुवारी

ठकू,

काल तुझा आईला फोन आला. तुम्ही दोघी बोलता तेव्हा मी बाल्कनीत असतो, म्हणजे बाल्कनीच्या दाराजवळ असतो. माझं पहिलं पत्र वाचून कानाच्या डॉक्टरीणबाईंच्या गोष्टीला तू हसलीस म्हणे. आईने ते मला दोनदा सांगितलं.

मग तिने बाकीचं सांगितलं. कॅसेट बिघडलेली नाही, ते तसंच आहे, बाबांनी ती उघडू नये. तुझ्या कॉम्प्युटरची डिस्क गेली, जपून म्हणून वेगळी ठेवलेली प्रतही उघडेना. तीन वर्षांचं काम. वीस मार्चला कुठल्याशा जुन्या गोदामात तुझा कार्यक्रम आहे, तिथे हेच वाजवायचं आहे, आणि पुरं असं आता फक्त बाबांकडच्या कॅसेटवर आहे. ती लगेच पाठवा.

ऐकलं. समजलं. म्हणजे शब्द समजले.

त्या प्रकाराचं नाव आईने कागदावर लिहून आणलं होतं, ब्रेककोर. तू तिला सांगितलंस तसं तिने मला सांगितलं. कुठल्यातरी जुन्या ध्वनिमुद्रणातला ठोक्यांचा एवढासा तुकडा घ्यायचा, त्याचे कापून शंभर करायचे आणि दुपटी-तिपटीच्या वेगाने उलटसुलट मांडायचे. त्यात कोणी नोकरी देत नाही, कंपनी नाही, सगळं तूच करतेस, कॅसेटवर कागदसुद्धा तूच चिकटवतेस. आणि ऐकायला लोक येतात. उभे राहून ऐकतात.

म्हणजे ते ठोके मुद्दाम तसे? ते मध्येच थांबणं मुद्दाम? तो चिरका आवाजही? माझ्या डोक्यावरून गेलं. मला वाटायचं, बिघाड आणि चांगलं यातला फरक आंधळ्यालाही कळतो. समज, नुसतं समज, एखाद्या माणसाने तसल्या कॅसेटमधला थोडा भाग वगळून ऐकला, तर काय राहील? माहितीसाठी विचारतोय.

आई म्हणाली, तू फोनवर विचारलंस, "बाबांनी ऐकली का?" ती म्हणाली, "ऐकली म्हणजे? आठवडाभर दुसरं काही नाही घरात." त्यावर तू म्हणालीस, "खरंच?"

कॅसेट सुखरूप आहे. काळजी करू नकोस.

बाबा

२२ फेब्रुवारी

ठकू,

उशीर होतोय. पोस्टातल्या बाई रजेवर आहेत आणि त्यांच्या जागी बसणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही, पाकिटं आपटतो. शिवाय योग्य मापाचा खोका मिळत नाहीये. शिवाय आईचा गुडघा दुखतोय. त्याचा खोक्याशी काय संबंध, असं ती आतून विचारते आहे.

ती आणखीही बोलली. तू पुन्हा फोन केलास तेव्हा मी तिला खुणेने म्हणत होतो, सांग ना तिला, तूच सांग. फोन ठेवल्यावर म्हणाली, "अहो, मी जन्मभर लाइन जोडली. मध्ये कधी बोलले नाही. बोलायचं ज्याचं त्याने." आणि मग, "ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवणार?"

लवकरच पाठवतो.

बाबा

२८ फेब्रुवारी

ठकू,

सोबत नऊ तारखेचं पत्र जोडलं आहे. ते मी टाकलं नव्हतं. आधी ते वाच, फुशारकीसकट. मग हे.

वाचलंस?

तर असं आहे. मी तुझी कॅसेट कापली. तू उघडू नका म्हणायच्या आधीच कापली होती, पण तू काही करू नका असं लिहिल्यानंतर कापली. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं म्हणून सुटता आलं असतं, पण तुझी चिठ्ठी समोर भिंतीला टाचलेली आहे.

तुझा फोन आल्यापासून मी ती परत जोडायच्या मागे आहे. वाटलं होतं, फाटलेला कागद जुळवतात तसं करू, टोकाला टोक. चष्मेवाल्याकडून भिंग आणलं. भिंगातून काय दिसलं सांगू? सगळी टोकं सारखी. मी पट्टीच्या खाचेत धरून, एकाच कोनात, एकाच ब्लेडने कापलेली दोनशे बारा तुकड्यांची चारशे चोवीस टोकं, जुळ्या भावंडांसारखी. एखादा धसमुसळा कारागीर असता तर तुझं काम वाचलं असतं. माझ्या नीटनेटकेपणाने घात केला. आणि क्रमांक टाकायचं सुचलं नाही, कारण कचऱ्याला क्रमांक कोण टाकतं?

एकच सोय आहे. तुकडा उलटा लावला तर गप्प बसतो, सुलटा लावला तर बोलतो. म्हणजे दिशा तरी कळते. पण कोणामागे कोण हे फक्त ऐकून ठरवायचं. म्हणून जुन्या डेकचं झाकण काढलं आणि एकेक तुकडा हाताने हेडवरून ओढत ऐकतो आहे. वीतभर तुकडा, कधी बोटभर. ओढला, ऐकला, वहीत लिहिलं. "१४: ठोके, मग पत्रा. १५: ठोके, मग शिट्टी, मग काही नाही. १६: काही नाही, पण ते काही नाही मुद्दाम असावं." अशी वही भरली आहे. आई म्हणते, ही वही कोणाच्या हाती लागली तर तुम्हाला घेऊन जातील.

आता जे लिहितोय ते मला नीट लिहिता येईल असं वाटत नाही.

हाताने ओढलं की वेग माझ्या हातात असतो. एक तुकडा होता, तो चिरका आवाजवाला. मला वाटायचं पक्षी असावा, नाहीतर रबराचं खेळणं. तो मी जरा सावकाश ओढला. पक्षी खाली आला. आणखी सावकाश ओढला. माणूस झाला. आणखी सावकाश. तो म्हणाला, "एक. दोन. तीन. चाचणी."

तो मी होतो.

मी खुर्चीवरून उठलो आणि हात धुऊन आलो. का धुतले ते विचारू नकोस. मग सगळे चिरके तुकडे शोधून काढले, एकोणचाळीस. सगळ्यांत मी. कुठे नुसता "दोन", कुठे "चा", "चा", "चा", "चाच". दुकानात प्रत्येक मशीन तपासताना मी जे मोजायचो, तेच. ते ठोकेही सावकाश ओढून पाहिले. ते ढोल नव्हेतच. ते आपल्या दुकानाचं शटर आहे, खाली पडताना तिसऱ्या पट्टीवर अडखळणारं. आता ते दुकानही नाही, शटरही भंगारात गेलं, आणि ते तुझ्याकडे आहे.

मला काही उमगत नाही. तू माझी टिंगल केली आहेस का? बापाच्या आवाजाची पिपाणी करून उभ्या राहिलेल्या लोकांना ऐकवतेस? राग आला. अजून आहे. पण काल ते "चा-चा-चाच"वाले सहा तुकडे एकापुढे एक जोडून पुऱ्या वेगाने लावले, जुळतात का बघायला, तर माझा पाय हलत होता. रक्ताभिसरण असेल.

माझा आवाज तुझ्याकडे आला कुठून? मी तर दुकानातल्या चाचणीच्या कॅसेटी केव्हाच विकून टाकल्या.

बाबा

७ मार्च

ठकू,

कुठून आला ते कळलं.

परवा दुपारी मी तुकडे ओढत होतो आणि तुझी आई शेजारी बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. एकशे अडतिसावा तुकडा. मी वहीत लिहिलं, "माझा आवाज, मागे खरखर." पुढचा उचलला. तर ती म्हणाली, "अहो, थांबा. मागचा परत लावा."

लावला.

"खरखर नाही ती. आपली ठकू आहे."

मी म्हटलं, काहीतरीच. हा माझा आवाज आहे, "चार" म्हणतोय. ती म्हणाली, "तुमच्या मागे. दाराशी उभी आहे. सतराची." नुसत्या हॅलोवरून ती माणूस ओळखायची, कोण आजारी आहे आणि कोण रडून आलंय तेही सांगायची. मी डॉक्टरीणबाईंनी दिलेलं यंत्र कानाला लावलं, आवाज वाढवला आणि जितकं सावकाश ओढता येईल तितकं ओढलं. मी म्हणतोय, "चार." आणि माझ्या मागून तू म्हणतेस, "बाबा, ती माझी."

तिथे काप आहे. माझाच.

उरलेलं शोधायला दीड दिवस गेला. एकशे एकोणनव्वदावा तुकडा, बोटाएवढा. "कॅसेट आहे." आणि त्याच्यावर मी. "पाच. चाचणी."

माझं मोजणं अडखळलंसुद्धा नाही. चार, पाच, चाचणी. मशीनने दोघांना टिपलं, मशीन कोणाची बाजू घेत नाही. म्हणजे तू तीच कॅसेट जपून ठेवलीस. तुझं पहिलं काम पुसून त्यावर मी जे मोजलं, तेच घेऊन तू तीन वर्षं बसलीस आणि त्याचं हे केलंस. मला वाटलं होतं, तू ती त्याच दिवशी फेकली असशील.

आई घड्या तशाच सोडून माझ्याकडे बघत बसली. मी तिलाही नऊ वर्षं हेच सांगत आलो होतो, कोरी वाटली. ती एवढंच म्हणाली, "तुम्ही ऐकलं होतंत."

हो. ऐकलं होतं.

आणि ऐकायच्या आधीही माहीत होतं. तिच्यावर तुझं वाईट अक्षर होतं. ती हाताशी आली नव्हती, खणातून मी काढली होती.

का, ते सांगतो. त्याने काही भरून निघणार नाही, पण तुला कोणी सांगितलेलं नाही म्हणून सांगतो. ते वर्ष आठव. दिवसाकाठी एखादं गिऱ्हाईक, तेही मशीन परत न्यायला आलेलं. मी रिकामा बसून रोज स्वच्छ हेडं पुन्हा पुसायचो. आणि माझी पोरगी मागच्या खोलीत माझ्याच चांगल्या डेकमध्ये बोट घालून रीळ मुद्दाम अडवायची, आवाज लहरवायची, शटर आपटून ते टेप करायची आणि हसायची. ज्या आवाजाला घालवण्यात माझं आयुष्य गेलं, त्याला तू पायघड्या घातल्यास. मला वाटलं, तू मलाच हसतेस. लोकांनी टाकलंच होतं, आता घरातूनही. म्हणून मी पुसली. रागाने, मुद्दाम, मोजत मोजत. तू दाराशी उभी राहून बोललीस तेव्हा थांबलो असतो तर निम्मी तरी वाचली असती. मी थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर ती तुझी आहे हे मला माहीत होतं, ते तुला कळलं असतं.

तुला ते तेव्हाच कळलं होतं, नाही का? तू कधी म्हणाली नाहीस. मी खोटं बोलतोय हे माहीत असून नऊ वर्षं मला ते बोलू दिलंस.

आणि आता पुन्हा तेच. तू तुझं एक वाक्य त्या एवढ्या गोंधळात ठेवलं होतंस, माझ्याकडे पाठवलंस, फक्त ऐका म्हणालीस, आणि मी ते बिघाड म्हणून ब्लेडने काढून डब्यात टाकलं. पहिल्यांदा पुसलं, दुसऱ्यांदा कापलं. मला फार लाज वाटते, ठकू.

हे भांडण आहे की आठवण आहे, तेवढं मला अजून कळत नाही. माझा तो "चाचणी" तू इतक्या वेळा, इतक्या तऱ्हांनी लावला आहेस, की रागाने कोणी एवढे कष्ट घेत असेल असं वाटत नाही. पण मग काय म्हणून घेतले, तेही समजत नाही. विचार करून करून डोक्याचा भुगा झाला आहे.

बाबा

१४ मार्च

ठकू,

माझी दोन्ही पत्रं तुला मिळाली, आणि काल तुझा आईला फोन आला. या वेळी मी बाल्कनीत गेलो नाही. समोर बसलो.

फोन ठेवल्यावर आईला विचारलं, हसत होती की रडत होती? आई म्हणाली, "कळलं नाही." तीस वर्षांत तिच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं. तू एकच निरोप दिलास. बाबांना सांग, आता काही जोडू नका, जसं आहे तसं सगळं पाठवा.

निरोप आला तोवर मी एकतीस सांधे केले होते. ते तसेच ठेवले आहेत. उसवायला गेलो तर तीही एक दुरुस्तीच होईल.

पोस्टाने पाठवत नाही. आई स्वतः घेऊन येते आहे, सोमवारी सकाळच्या गाडीने, गुडघ्याला पट्टा बांधून. बिस्किटांचा डबा तिच्या मांडीवर असेल, त्यावर कोणाला हात ठेवू देणार नाही म्हणते. मला तू बोलावलेलं नाहीस. मीही विचारलेलं नाही. वीस तारखेला संध्याकाळी मी घरीच असेन, नळ दुरुस्त करत. तो मात्र खरंच गळतो आहे.

पिशवीत काय काय आहे ते लिहितो. साडेचार मिनिटांची ती कॅसेट, जिचा मला एवढा अभिमान होता. ती गुणगुणही मी परवा यंत्र लावून नीट ऐकली. ती चाल नाही, ती माझ्या डेकच्या मोटरची घरघर आहे, रीळ न घालता नुसतं चालू ठेवल्यावर येते ती. चाल छान बांधली आहेस असं तुला लिहिलं होतं. अजूनही मत तेच आहे. डब्यात तुकडे. माझी वही, हसायला उपयोगी पडेल. आणि एकशे अडतीस आणि एकशे एकोणनव्वद हे दोन तुकडे वेगळ्या पुडीत. पुडीवर तुझं नाव घातलं आहे. माझं अक्षरही काही फार चांगलं नाही हे या निमित्ताने ध्यानात आलं.

हे सगळं वीस तारखेपर्यंत तुला लावता येईल का, मला ठाऊक नाही. कदाचित नाही. आई म्हणते, तू फोन ठेवताना असंही पुटपुटलीस, की कापलेलंच परत कापलं, त्यात काय. ते मला धीर द्यायला म्हणालीस की खरंच तसं चालतं, हेही मला कळलेलं नाही. तुझ्या कामात काय चालतं आणि काय नाही, याबद्दल मी आता तोंड उघडणार नाही.

आणखी एक कॅसेट आहे. ती मी दिली आहे. खणात तळाशी एक नवी सापडली, कागदसुद्धा न काढलेली. ती मशीनमध्ये घातली, माइकसमोर बसलो आणि नेहमीसारखं मोजलं. एक, दोन, तीन, चार. चारनंतर थांबलो. बराच वेळ थांबलो आहे, रीळ फिरत होतं. मग म्हटलं, "हो ठकू, ती तुझी कॅसेट आहे. मला माहीत होतं." एवढंच आहे. एकदाच म्हटलं आहे, आवाज जरा फाटला आहे, पण पुन्हा घेतलं नाही. तुला हवं तिथे काप, हवं तितकं पळव, पक्षी कर, पिपाणी कर.

दुसऱ्या बाजूला काही नाही. ती कोरी आहे. या वेळी खरंच.

बाबा